पंचाने मैदानात उतरताना: गणवेश, केस-दाढी आणि बाकीची टापटीप

पंचाचा शर्ट पँटमधून बाहेर आला की ते सगळ्यात शेवटी त्यालाच कळतं. खेळाडूंना, प्रेक्षकांना आणि बाकावर बसलेल्या प्रशिक्षकाला ते आधीच दिसलेलं असतं. नेमका तेव्हाच हात वर करून एखादा कडक निर्णय द्यायची वेळ आली, तर निम्म्या नजरा हातावर असतात आणि निम्म्या त्या लोंबत्या शर्टावर. निर्णय बरोबर असला तरी त्याचं वजन कमी पडतं.

म्हणून पंचाने स्वतःच्या दिसण्याचा विचार 'छान दिसायचंय' या अंगाने करू नये. अंगावरच्या प्रत्येक गोष्टीला चार प्रश्न विचारावेत. ही कुठल्या संघाच्या रंगात मिसळते का? खूण करताना आड येते का? कुणाला लागेल का? कुणाला ती एका बाजूची वाटेल का? चारही उत्तरं 'नाही' आली तर ती गोष्ट खुशाल चालते, मग ती दाढी असो नाहीतर टॅटू.

आधी नियम, मग रिवाज

पेहरावाबद्दलच्या सूचना तीन ठिकाणांहून येतात आणि नवे पंच त्यांची सरमिसळ करतात. पहिला म्हणजे खेळाचा लेखी नियम. दुसरं, संघटनेचं किंवा स्पर्धेचं परिपत्रक. तिसरं, 'आपल्याकडे असंच असतं' हा रिवाज. वाद झाला तर पहिली दोनच कामाला येतात, तेव्हा ती वाचलेली असावीत.

काही नियम अगदी नेमके असतात. फुटबॉलच्या पाचव्या नियमानुसार पंचाकडे शिट्टी, घड्याळ, लाल आणि पिवळं कार्ड आणि नोंदवही असलीच पाहिजे. मैदानावरच्या पंचांना दागिने मात्र चालत नाहीत. बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमात पंचांचा शर्ट, लांब काळी पँट, काळे मोजे आणि काळे बास्केटबॉल बूट असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे तिथे गडद निळी पँट 'जवळपास काळीच' म्हणून खपत नाही. कुस्तीत मॅटवरच्या रेफरीच्या डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला निळी पट्टी असते. लाल पोशाखातल्या मल्लाचे गुण तो डाव्या हाताने दाखवतो आणि निळ्याचे उजव्या. आता अशा रेफरीने उजव्या मनगटात लाल दोरा किंवा लाल पट्टा बांधला तर काय घोळ होईल, ते सांगायला नको.

दाढी, केसांची लांबी, टॅटू यांबद्दल मात्र खेळाच्या नियमांत सहसा काही नसतं. तिथे संघटनेची सूचना पाहावी. सूचनाच नसेल तर वरचे चार प्रश्न पुरतात.

रंग जुळतोय का, म्हणजे खरं तर जुळत नाहीये ना

अमेरिकेतल्या पंचांचा काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट कुठून आला, त्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. लॉइड ओल्ड्स नावाचे पंच १९२० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात पांढरा शर्ट घालून उभे होते. एक संघही पांढऱ्यात होता. त्या संघाच्या खेळाडूने घाईत चेंडू थेट पंचाच्याच हातात दिला. त्यानंतर ओल्ड्स यांनी पट्ट्यांचा शर्ट बनवून घेतला.

चूक आजही तशीच होते, फक्त इतकी विनोदी दिसत नाही. पळणारा खेळाडू सहकाऱ्याला पूर्ण वळून बघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात रंग दिसला की तो पास देऊन टाकतो. म्हणून पंचाचा रंग दोन्ही संघांपेक्षा वेगळा हवा. फुटबॉलमध्ये दोन गोलरक्षकही धरावे लागतात, म्हणजे मैदानावर पाच वेगळे रंग झाले. पूर्वी पंच काळ्यात असत. १९९४ च्या विश्वचषकात ते रंगीत शर्टांत उतरले आणि संघांनाही काळा वापरायची मोकळीक मिळत गेली. त्यामुळे 'काळा घातला की झालं' हा हिशेब आता चालत नाही. बॅगेत निदान दोन रंगांचे शर्ट असावेत, एक गडद आणि एक उजळ.

क्रिकेटमध्ये भानगड वेगळी आहे. गोलंदाजाच्या टोकाचा अंपायर फलंदाजाच्या थेट नजरेसमोर असतो. लाल चेंडू पांढऱ्या शर्टासमोर उठून दिसतो. पांढरा चेंडू त्याच शर्टात हरवतो. म्हणून पांढऱ्या चेंडूच्या सामन्यात अंपायर गडद किंवा रंगीत शर्टात असतात. त्या सामन्यांत पांढऱ्या बाह्यांचा आतला शर्ट खालून डोकावू देऊ नये.

रंग तपासायची पद्धत सोपी आहे. आदल्या दिवशी दोन्ही संघांकडून गणवेशाचे रंग विचारून घ्यावेत, गोलरक्षकांसकट. सामन्याच्या ठिकाणी पोचल्यावर सगळे शर्ट शेजारी शेजारी धरून २०-३० पावलांवरून पाहावेत आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. फोटोत दोन शर्ट एकाच करड्या छटेचे दिसले तर रंग वेगळे असूनही ते पुरेसे वेगळे नाहीत. ही चाचणी फुकाची नाही. लाल-हिरव्यात गल्लत होणारे लोक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. अशा खेळाडूला गडद लाल संघ आणि गडद हिरवा पंच यांत फार फरक दिसत नाही. उजळ-गडद हा फरक मात्र सगळ्यांनाच दिसतो.

शर्ट आणि पँट: मापाची परीक्षा आरशासमोर नको

दुकानातल्या आरशासमोर सरळ उभं राहून घेतलेलं माप पंचाच्या कामाचं नाही. शर्ट घालून, पँटमध्ये खोचून पुढच्या हालचाली कराव्यात: दोन्ही हात सरळ वर, मग दोन्ही आडवे, मग उकिडवं बसून उठणं, मग दहा पावलं जोरात पळणं. शर्ट बाहेर आला तर तो आखूड आहे. खोचायच्या शर्टाचं कापड पट्ट्याखाली निदान १५ सेंटिमीटर उतरलं पाहिजे. हात वर केल्यावर बगलेत कापड ओढलं जात असेल तर छाती मोठी असूनही बाही चुकीची बसलेली असते. अशा वेळी एक माप मोठा शर्ट घेण्यापेक्षा दुसऱ्या बेताचा शर्ट शोधावा.

शर्ट घोळदार असेल तर खोचल्यावर कमरेभोवती फुगा येतो. त्यावर उपाय असा: शर्ट खोचल्यावर दोन्ही बाजूंच्या शिवणी चिमटीत धरायच्या, जास्तीचं कापड मागच्या बाजूला सपाट घडी करून वळवायचं आणि मग पट्टा आवळायचा. समोरून शर्ट ताठ दिसतो आणि घडी पाठीमागे दडते. घडी पुढे वळवली तर पोट नसलेल्यालाही पोट दिसतं.

पँटचा बॉटम बुटाच्या वरच्या कडेला जेमतेम टेकावा, पुढे एक हलकी मोड पडावी, बस्स. त्याहून लांब असेल तर टाचेखाली येतो आणि मागे पळताना पाय अडकतो; बास्केटबॉलमध्ये पंचाला बऱ्याचदा उलट पावलं टाकावी लागतात, हे विसरू नये. आखूड असेल तर बसताना मोज्याची कड आणि वरची पोटरी दिसते. तुरपाई सैल झाली असेल तर घरीच दोन टाके घालावेत. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेली तर ती घामाने तिसऱ्या मिनिटाला सुटते.

आतल्या कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. पांढऱ्या किंवा फिक्या पँटखाली पांढरी अंतर्वस्त्रं उठून दिसतात. त्वचेच्या रंगाजवळची घालावीत. काळ्या शॉर्टखाली आतली तंग शॉर्टही काळीच असावी आणि बाहेरच्या शॉर्टपेक्षा आखूड. पांढरा शर्ट पावसात भिजला की पारदर्शक होतो, म्हणून आत त्वचेच्याच रंगाचा बिनबाह्यांचा बनियन. स्त्री पंचांनी स्पोर्ट्स ब्राची पट्टी कॉलरखाली दिसते का ते वाकून, मागून फोटो काढून पाहावं.

आणखी एक गोष्ट, जी एकट्याच्या हातात नसते. एका सामन्याचे सगळे पंच सारखेच दिसले पाहिजेत. एकाच्या बाह्या लांब, दुसऱ्याच्या आखूड, तिसऱ्याचं जॅकेट अंगावर असं चालत नाही. थंडी वाजणारा आणि न वाजणारा यांच्यात तडजोड मुख्य पंचाने आदल्या दिवशीच करून टाकावी. आत थर घालायचा असेल तर तो बाहीच्याच रंगाचा असावा.

बॅज चालू वर्षाचा असावा आणि आपल्याच दर्जाचा. गेल्या वर्षीचा बॅज 'कोण बघतंय' म्हणून ठेवला जातो आणि नेमका निरीक्षकच बघतो. वेल्क्रोची टोकं उघडी पडली असतील तर त्यात धागे अडकून ती केसाळ दिसतात. जुन्या टूथब्रशने साफ होतात.

केस

केस सामन्याच्या आदल्या दिवशी कापू नयेत. ताज्या कापलेल्या मानेवर घाम आणि कॉलर एकत्र घासली की चुरचुर सुटते आणि हात सारखा मानेकडे जातो. चार-पाच दिवस आधी कापलेले बरे.

लांब केस असतील तर प्रश्न लांबीचा नसून ते डोळ्यांवर येतात का, हा असतो. धातू नसलेल्या रबराने मागे, खाली बांधावेत. उंच पोनीटेल मान फिरवताना स्वतःच्याच गालावर आपटते. धातूच्या पिना, बोचणाऱ्या क्लिपा नकोत. पडायच्या-धडकायच्या खेळांत त्या डोक्यात रुततात. बारीक सुटे केस पाण्याने बसवले तर वाळून पुन्हा उडतात. मटाराएवढं जेल तळव्यांवर चोळून कपाळाकडून मागे फिरवलं की सामनाभर पुरतं. जास्त लावलेलं जेल घामाबरोबर डोळ्यात उतरतं.

पगडी, पटका किंवा हिजाब घालणाऱ्यांसाठी फुटबॉलचा खेळाडूंना लागू असलेला नियम चांगला नमुना आहे: डोक्यावरचं आवरण काळं किंवा शर्टाच्या मुख्य रंगाचं असावं, शर्टाला जोडलेलं नसावं, त्याचं कुठलंही टोक बाहेर लोंबू नये आणि त्याने कुणाला इजा होऊ नये. टाचण्या लावून बसवायच्या हिजाबापेक्षा डोक्यातून घालायचा, ताणणारा खेळाचा हिजाब घ्यावा. कान झाकले जात असतील तर हेडसेट आधी लावून, आवाज नीट येतो का ते बोलून पाहावं.

दाढी-मिशी

एकतर पूर्ण गुळगुळीत, नाहीतर ठरवून राखलेली. दोन दिवसांचे खुंट हे तिसरं काहीतरी असतं. 'राखतोय' आणि 'राहून गेली' यांतला फरक लांबून दिसत नाही.

राखलेल्या दाढीत सगळा मामला मानेच्या रेषेचा आहे. कंठमण्याच्या वर दोन बोटं ठेवावीत. तिथून दोन्ही कानांच्या मागच्या टोकांकडे एक हलकी कमान कल्पावी आणि तिच्याखालचं सगळं साफ करावं. रेषा थेट जबड्यावर आणली तर हनुवटीखाली मोकळी जागा दिसते आणि दाढी चिकटवल्यासारखी वाटते. ट्रिमर आधी मोठ्या अंकावर चालवून मग एकेक अंक खाली यावं. उलट करता येत नाही.

मिशीचा शिट्टीशी थेट संबंध आहे. वरच्या ओठावर उतरलेले केस शिट्टीच्या तोंडाशी ओठाबरोबर दाबले जातात, हवा बाजूने निसटते आणि शिट्टी फुसकी वाजते. ओठाची कड मोकळी राहील इतकी मिशी कातरावी. कात्री सरळ धरून, केस ओले नसताना. ओले केस लांब दिसतात आणि वाळल्यावर आखूड होतात, म्हणजे कापायचं चुकतं.

दाढी करायची तर आदल्या रात्री. सकाळी केली आणि लगेच सनस्क्रीन चोपडलं की चेहरा झोंबतो, लाल होतो. सकाळीच करणं भाग असेल तर निदान तासभर मध्ये जाऊ द्यावा.

नखं, हात, तोंड

तळवा आपल्याकडे करून पाहिल्यावर बोटांच्या टोकांवरून नखं दिसू नयेत. खेळाडूंना वेगळं करताना, बॉक्सरचा हात धरताना, जखमीजवळ वाकताना नख लागतं. शिवाय वाढलेलं नख कार्ड काढताना खिशाच्या अस्तरात अडकतं. नेलपॉलिश लावायचंच तर फिकं. सोललेलं लाल नेलपॉलिश नको.

च्युइंगम नको. मैदानावर सतत हलणारा जबडा बेफिकीर दिसतो आणि पळता पळता शिट्टी फुंकायला श्वास ओढताना तो घशात जाऊ शकतो.

सनस्क्रीन, घाम आणि वास

उघड्या मैदानावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त सनस्क्रीन निघण्याच्या निदान १५ मिनिटं आधी लावावं. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीच्या दोन रेघा होतील इतकं. कान, मानेची मागची बाजू आणि केसांचा भांग या तीन जागा हमखास राहतात. दर दोन तासांनी पुन्हा. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलंही घामात ४० किंवा ८० मिनिटंच टिकतं, कुठलं ते वेष्टनावर असतं. म्हणून मध्यंतरात चेहरा टिपून पुन्हा लावावं. भुवयांच्या वर मात्र पातळ क्रीम लावू नये, घामाबरोबर डोळ्यात उतरतं आणि डोळे चोळणाऱ्या पंचाला ऑफसाइड दिसत नाही. कपाळावर मेणासारखी कांडी वापरावी. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी लेन्स आधी, सनस्क्रीन नंतर.

पांढरा गणवेश घालणाऱ्यांसाठी एक खास सूचना. कॉलरवर आणि मनगटाशी जे तांबूस-पिवळे डाग पडतात ते बऱ्याचदा घामाचे नसतातच. सनस्क्रीनमधला एव्होबेन्झोन हा घटक पाण्यातल्या लोहाशी मिळून गंजासारखा डाग सोडतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं की डाग आणखी गडद होतो आणि माणूस आणखी ब्लीच ओततो. हा डाग गंजाचा समजूनच काढायचा असतो: सायट्रिक आम्लाचं पाणी किंवा गंज काढायचं द्रावण, आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहून. झिंक ऑक्साइडवालं सनस्क्रीन घेतलं तर हा त्रास टळतो, पण ते काळ्या कॉलरवर पांढरं उमटतं. गणवेश कुठला, त्यावर ट्यूब ठरवावी.

घाम रोखणारं अँटीपर्स्पिरंट रात्री, कोरड्या काखेत लावलेलं जास्त चांगलं काम करतं. सकाळी घाईत लावून वर काळा शर्ट चढवला तर पांढरे पट्टे ठरलेले. सुगंधी फवारे टाळावेत. बंद हॉलमध्ये पंचाच्या अत्तराचा वास खेळाडूला येणं बरं नाही, आणि घामात मिसळलेलं अत्तर नुसत्या घामापेक्षा वाईट.

मेकअप हवा असेल तर पाण्यात न उतरणारा आणि कमी. चिकटवलेल्या पापण्या घामाने सुटतात, सामन्याच्या मध्यावर.

दागिने, घड्याळ, चष्मा

लग्नाची अंगठीसुद्धा काढून ठेवावी. जाळी, कुंपण किंवा खेळाडूच्या शर्टात अडकली तर बोट सोलवटून निघतं. दागिन्यावर चिकटपट्टी लावणं हा उपाय नव्हे; फुटबॉलमध्ये खेळाडूंना ते चालत नाही, तर पंचाने कुठल्या तोंडाने करावं? कानातलं नुकतंच टोचलं असेल आणि काढता येत नसेल, तर टोचण्याची वेळ चुकली असं म्हणावं लागेल. पुढच्या वेळी हंगाम संपल्यावर टोचावं.

घड्याळाचा पट्टा साधा, काळा. फुटबॉलमध्ये दोन घड्याळं घालायची पद्धत चांगली आहे: एक सतत चालणारं, एक वाया गेलेल्या वेळेसाठी थांबवायचं. स्मार्टवॉच असेल तर फोनचे संदेश बंद. निर्णयानंतर पंचाने मनगटाकडे पाहिलं आणि तिथे संदेश झळकला, तर मदत बाहेरून आली असा संशय घ्यायला तेवढं पुरतं. बॉक्सिंग किंवा कुस्तीत रेफरीने घड्याळ घालूच नये, त्याची कड खेळाडूची कातडी फाडते.

चष्म्याला मागून पट्टा, काचा न फुटणाऱ्या. गॉगल हा क्रिकेटच्या अंपायरला उपयोगी. सहा-सात तास उन्हात एकाच दिशेला बघायचं असतं. खेळाडूशी डोळ्यात डोळे घालून बोलावं लागतं अशा खेळांत आमचं मत गॉगलच्या विरोधात आहे. आरशासारख्या काचा तर कुठेच नकोत.

बूट आणि मोजे

पंचाचे बूट लोक फार बघतात, कारण तो उभा असतो तेव्हा बघायला दुसरं काही नसतं. सामन्याचे बूट वेगळे ठेवावेत आणि सरावाला वापरू नयेत. नवे असतील तर मात्र तीन-चार वेळा सरावात घालून मगच सामन्याला न्यावेत.

साफ करताना मऊ ब्रश, कोमट पाणी, थोडा साबण. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावेत. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवले की तळव्याचा डिंक सुटतो. चामडी बुटांना पॉलिश आदल्या रात्री, सकाळी फक्त फडकं. सकाळी लावलेलं पॉलिश पांढऱ्या मोज्यावर किंवा पँटच्या बॉटमला लागतं. हॉलसाठी लाकडावर काळे डाग न पाडणारा तळवा लागतो. मॅटच्या खेळांत हे बूट दारात बदलून घालावेत, रस्त्यावरून घालून येऊ नये.

लेस दोन गाठींची आणि उरलेली टोकं बुटात खोचलेली. वर्षातून एकदा बदलावी, ती तुटते तेव्हा सामना चालू असतो.

मोजे घसरत असतील तर रबर गेलेलं असतं. वरून चिकटपट्टी आवळली तर पोटरीत पेटके येतात. नवे घ्यावेत. फोड येणाऱ्यांनी टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला पेट्रोलियम जेली चोळावी.

खिसे

फुगलेले खिसे चांगल्या गणवेशाची सगळी मेहनत वाया घालवतात. गाडीची किल्ली, पाकीट, फोन खोलीतच. खिशात फक्त कामाचं, आणि प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. पिवळं आणि लाल कार्ड कधीही एका खिशात ठेवू नये. घामेजल्या बोटांना दोन्ही चिकटून येतात आणि पिवळ्याच्या मागून लाल डोकावलं की मैदान पेटतं. बरेच पंच पिवळं छातीच्या आणि लाल मागच्या खिशात ठेवतात. काहीही ठरवा, मग बदलू नका. घरी न बघता दहा वेळा काढून पाहावं.

पेन्सिल ७-८ सेंटिमीटरची पुरते. लांब, टोकदार पेन्सिल पडल्यावर बरगडीत घुसते. जेल पेनची शाई पावसात पसरते. शिट्टीची दोरी गळ्यात असेल तर ओढल्यावर सुटणारी हवी. धक्काबुक्कीच्या खेळात शिट्टी बोटात किंवा मनगटाला बांधलेलीच बरी. शिट्टी आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवावी. एक जादाची नेहमी खिशात.

निःपक्ष दिसणं

हे गणवेशाबाहेरचं असतं आणि म्हणूनच निसटतं. कुठल्याशा स्पर्धेत मिळालेली संघाच्या चिन्हाची बॅग, टोपी, पाण्याची बाटली, फोनचं कव्हर, गाडीच्या काचेवरचा स्टिकर. यांतलं काहीही सामन्याच्या ठिकाणी दिसू नये. येताना-जातानाही सगळ्या पंचांनी एकसारखा ट्रॅकसूट किंवा ब्लेझर घालावा. अर्धी पँट आणि चपला घालून आलेला पंच नंतर कितीही कडक इस्त्रीत उतरला तरी खेळाडूंनी त्याला आधीच पाहिलेलं असतं.

टॅटूत संघाचं चिन्ह, राजकीय किंवा धार्मिक मजकूर असेल तर शर्टाच्या बाहीच्या रंगाची बाही चढवावी. साधं नक्षीकाम असेल तर संघटनेला विचारावं.

आदली रात्र आणि सामन्याचा दिवस

गणवेश आदल्या रात्री बाहेर काढून पलंगावर पूर्ण मांडावा, बुटांपासून शिट्टीपर्यंत, ज्या क्रमाने अंगावर चढतो त्याच क्रमाने. राहिलेली गोष्ट रिकाम्या जागेवरून दिसते. पॉलिएस्टरवर इस्त्री एक टिंबावर, म्हणजे ११० अंशांच्या आसपास, कापड उलटं करून. छापील चिन्हावर थेट इस्त्री फिरवली तर ते इस्त्रीलाच चिकटून येतं. कॉलर टोकांकडून मध्याकडे इस्त्री करावी. उलट केली तर टोकांना चुण्या पडतात.

बॅगेत गणवेशाशिवाय हे हवं: दुसऱ्या रंगाचा शर्ट, त्याच रंगाचा जादा शर्ट, मोज्यांची जादा जोडी, जादा लेस, सुईदोरा आणि शर्टाचं एक बटण, कपड्यावरचे केस उचलायची चिकट गुंडाळी, छोटा टॉवेल, सनस्क्रीन, ओले कपडे ठेवायला बंद होणारी पिशवी.

मैदानात निघण्याआधी पंचांनी एकमेकांकडे तोंड करून उभं राहावं आणि वरून खाली पाहावं: कॉलर, बॅज, पट्टा, लेस. पाठही दाखवावी. अर्धं मिनिट पुरतं, आणि एकट्याने आरशात पाहण्यापेक्षा यात जास्त सापडतं.

मध्यंतरात शर्ट बदलावा. मीठ सुकून काळ्या शर्टावर पांढऱ्या नकाशासारखे डाग पडतात, ते पुसून जात नाहीत. कपड्याला रक्त लागलं असेल तर मध्यंतराची वाट न पाहता, खेळ थांबेल तेव्हा बदलावा.

धुणं

घरी आल्यावर गणवेश बॅगेत रात्रभर ठेवू नये, पॉलिएस्टरमध्ये वास मुरतो. कपडे उलटे करून ३० अंशांच्या पाण्यात धुवावेत. फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो, मग कापड घाम शोषून बाहेर टाकत नाही आणि वासही धरून ठेवतं. वास मुरलाच असेल तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग गार पाणी, त्यात अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं धुवावं. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र कधीही नको, विषारी वायू तयार होतो. रक्ताचा डाग गार पाण्यातच; गरम पाण्याने तो पक्का होतो. गवताच्या डागावर एन्झाइमचं डिटर्जंट तासभर. काळे कपडे सावलीत वाळवावेत, उन्हात ते तपकिरी पडतात.

आणि मशीन लावायच्या आधी सगळे खिसे उलटे करावेत. कार्डं सापडली नाहीत तर नवी मिळतात, पण छातीच्या खिशातल्या वहीत ताकीद दिलेल्या खेळाडूंचे क्रमांक असतात आणि अहवाल अजून लिहायचा असतो.